लेक मानसशास्त्र घेते म्हणते, घेऊ द्यावं का?

ताई, नमस्कार.

आमची अडीच एकर ऊसशेती आणि चार म्हशी. थोरली लेक बारावी सायन्स झाली. एक वर्ष घरी बसून नीटची पुन्हा तयारी केली, पण मार्क आले नाहीत. आता म्हणते, मला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचंय. सायन्सवरनं आर्ट्सला जायचं म्हणजे आम्हाला मागं गेल्यासारखं वाटतंय. पाहुणे म्हणतात, वेड्यांची डॉक्टरकी शिकली तर पोरीचं लग्न कसं व्हायचं.

हे तिच्या डोक्यात आलं ते माझ्या धाकट्या भावामुळं. तो स्वतःशीच बोलायचा, रात्र रात्र जागायचा, जेवणात कोण काय घालतंय म्हणून ताट सारायचा. तीन वर्षं आम्ही बाहेरचं बघत फिरलो. शेवटी कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला नेला, गोळ्या सुरू झाल्या. आज तो रानात येतो, धार काढतो. त्याच्या गोळ्यांच्या वेळा लेकीनंच सांभाळल्या. मैत्रिणींची रडगाणीही हीच ऐकते.

हे शिकून नोकरी लागते का? किती वर्षं जातात? कोल्हापुरातच सगळं होईल का? मागं मुलगा दहावीला आहे, दोघांचा खर्च एकदम येणार. सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, सहा महिन्यांचा ऑनलाइन समुपदेशनाचा कोर्स केला की दवाखाना टाकता येतो. खरं का?

एक वडील, कागल तालुका

दादा, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पैसे बुडतात ते तिथंच. सहा महिन्यांच्या कोर्सवर दवाखाना टाकता येत नाही. मनोविकारांवर मानसशास्त्रीय उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. १९९२ चा कायदाच आहे तसा. नोंद नसताना ते काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात लिहिलेली आहे. समुपदेशक म्हणून पाटी लावणाऱ्याला मात्र इतकी वर्षं कुणी फारसं विचारत नव्हतं. त्याचाच फायदा घेऊन हे कोर्स विकले जातात. २०२१ च्या कायद्यानं आरोग्याशी संबंधित व्यावसायिकांसाठी नवा राष्ट्रीय आयोग आला, आणि बाकीचे मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकही त्याच्या कक्षेत आले. म्हणजे जे दार आजवर सताड उघडं होतं ते हळूहळू बंद होत चाललंय, आणि तुमची लेक शिकून बाहेर पडेल तेव्हा तिच्याकडं पक्की पदवी असलेलीच बरी. असे छोटे कोर्स एम.ए. झाल्यावर एखादी पद्धत शिकायला म्हणून करतात, तेव्हा त्यांचा उपयोग होतो. आधी केले तर भिंतीवर टांगायला एक कागद मिळतो, बाकी काही नाही.

आता मुख्य प्रश्न. घेऊ द्यावं का? माझं उत्तर हो आहे. पण तुम्ही तीन वर्षांचा खर्च मनात धरून हो म्हणणार असाल, तर थांबा. नुसत्या बी.ए. वर या विषयात व्यवसाय उभा राहत नाही. इंजिनीअरिंगसारखं पदवी हातात आली की कामाला लागलं, असं इथं नाही. बी.ए. ची तीन वर्षं, एम.ए. ची दोन, ही निदान पाच वर्षं धराच. क्लिनिकलकडं वळायचं ठरलं तर सात. आडसाली ऊस लावणारा माणूस अठरा महिने हातात पैसा यायचा नाही हे धरूनच लागण करतो. तेवढ्याच स्वच्छपणे हा हिशेब आज घरात बसून मांडा. तिसऱ्या वर्षी ‘आता बास, नोकरी बघ’ असं म्हणायची वेळ येणार असेल, तर ते तिला आज सांगा. म्हणजे ती वाट तरी वेगळी धरेल.

पाहुण्यांच्या बोलण्याबद्दल. तुमच्या भावाला गोळ्या लिहून दिल्या ते मानसोपचारतज्ज्ञ. ते एम.बी.बी.एस. होऊन पुढं मनोविकारशास्त्रात एम.डी. केलेले डॉक्टर असतात. लेक बी.ए. च्या वाटेनं गेली तर ती ते होणार नाही, तिला गोळ्या लिहिता येणार नाहीत. तिचं काम वेगळं. चाचण्या घेऊन माणसाच्या मनाचं, बुद्धीचं, स्मरणाचं मोजमाप करणं, बोलण्यातनं आणि ठरावीक पद्धतींनी उपचार करणं, मुलांच्या अभ्यासातल्या अडचणी शोधणं, घरच्यांना आजार समजावून सांगणं. चांगल्या दवाखान्यात हे दोघं शेजारी बसून काम करतात. पाहुण्यांना एवढंच सांगा, की तुमचा भाऊ तीन वर्षं ज्यांच्या दारात फिरला त्यांच्याऐवजी पहिल्या सहा महिन्यांत एखाद्या शिकलेल्या माणसाला भेटला असता, तर त्याची तेवढी वर्षं वाचली असती. तसं शिकलेलं माणूस गावात हवं असेल तर ते कुणाच्या तरी घरातनंच यायला हवं.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र आपल्यालाही लागू पडावं असंच आहे. प्रौढांमध्ये शंभरात दहा-अकरा जणांना त्या घडीला काही ना काही मनोविकार होता. आणि आजार कोणता त्यानुसार, त्यांच्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. तुमचा भाऊ तीन वर्षं या ७०-९२ मध्येच होता. तेव्हा गरज किती हे तुम्हाला मी सांगायला नको. पण गरज असणं आणि तिचा पगार मिळणं यांत आपल्याकडं मोठं अंतर आहे. म्हणूनच मी पैशाचं एवढं लावून धरतेय.

लेकीबद्दल तुम्ही लिहिलंय, मैत्रिणींची रडगाणी हीच ऐकते. माझ्याकडं प्रवेशाआधी चौकशीला येणाऱ्या मुली जवळजवळ सगळ्या हेच सांगतात, ‘मॅडम, सगळे माझ्याशी बोलून मोकळे होतात.’ स्वभाव चांगला आहे, पण पहिल्या वर्षी परीक्षेत त्याचा काही उपयोग होत नाही. बी.ए. ला ज्या गोष्टी येतात त्या तिला आधीच कळू द्या. मेंदू, मज्जासंस्था, संवेदना, अवधान, स्मृती, अध्ययन, प्रेरणा. मग सामाजिक मानसशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र, अपसामान्य म्हणजे मनोविकारांचं मानसशास्त्र. आणि या सगळ्यांतून वाहणारं संख्याशास्त्र: मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, निष्कर्ष खरा की योगायोग ते तपासायच्या कसोट्या. दरवर्षी मुली रडतात ते इथं, अपसामान्यच्या पेपरला नाही. तुमची लेक सायन्सची आहे. जीवशास्त्रात मज्जासंस्था शिकून आली आहे, आकड्यांना घाबरणारी नसावी. सायन्सवरनं येणं म्हणजे मागं जाणं, असं तुम्ही लिहिलंय, पण या एका विषयापुरतं ते उलट आहे. तिची बारावी वाया गेलेली नाही.

प्रात्यक्षिकं म्हणजे काय, तेही सांगते, कारण आर्ट्सला प्रयोगशाळा असते हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. आरशातलं रेखाटन नावाचा एक जुना प्रयोग आहे. टेबलावर कागद, कागदावर दुहेरी रेघांची चांदणी छापलेली. मध्ये आडोसा असतो, त्यामुळं हात थेट दिसत नाही, समोरच्या आरशात उलटा दिसतो. आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या खेपेला पेन्सिल कोपऱ्यावर अडकते, पुढं न्यायची म्हटलं की मागं जाते, चांगली हुशार मुलगी घामाघूम होते. शेजारची मैत्रीण स्टॉपवॉच घेऊन वेळ लिहिते आणि रेघेला किती वेळा धक्का लागला ते मोजते. दहा-बारा खेपांनंतर हात सरावतो. मग डाव्या हातानं करायला सांगायचं, आणि उजव्या हाताचं शिकणं डाव्या हातात किती उतरलं ते बघायचं. तिथनं खरं काम सुरू होतं: आलेख काढा, सरासरी काढा, प्रयुक्तानं, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला त्यानं, काय अनुभवलं ते त्याच्याच शब्दांत लिहा, आणि जेवढं आकड्यांत दिसतं तेवढंच म्हणा, त्यापुढं एक शब्द नाही. जर्नलची पानं अशी भरत जातात. माणसाबद्दल घाईनं मत बनवायची सवय या कामात मोडते. ज्या मुलीला हे कंटाळवाणं वाटतं, जिला नुसत्या गोष्टी ऐकायच्या असतात, तिनं दुसरा विषय घ्यावा. मी हे तोंडावर सांगते आणि काही पालक रागावतातही.

आता कॉलेज. शिवाजी विद्यापीठाच्या बी.ए. ला मानसशास्त्र विषय आहे आणि पुढं एम.ए. सुद्धा आहे, तेव्हा पहिली पाच वर्षं घरच्या टप्प्यात होऊ शकतात. कागलवरनं एस.टी. नं रोज ये-जा करणाऱ्या मुली कमी नाहीत, होस्टेलचा खर्च इथं वाचतो. अनुदानित कॉलेजात बी.ए. ची फीसुद्धा तुम्ही नीटच्या क्लासला भरलीत त्याच्या जवळपास जायची नाही. पण कॉलेजचं नाव ऐकून प्रवेश घेऊ नका. आत जाऊन विचारा, मानसशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून मिळतं का. पुष्कळ कॉलेजांत हा विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षापुरता किंवा मायनर म्हणून असतो, आणि मग एम.ए. च्या प्रवेशाला अडतं. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणावं. कपाटात चाचण्यांचे संच आहेत का, त्यांवर धूळ आहे की ते हाताळलेले दिसतात, हे तुमच्या नजरेला आपोआप कळेल. विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हेही विचारा. विचारायला संकोच करू नका, लेक तुमची आहे. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायची सोय आहे. ते घ्यायचं की तीन वर्षांनी एम.ए. ला जायचं, हे दुसऱ्या वर्षाअखेर तिचं वाचन आणि मार्क बघून ठरवता येईल.

एक सावधगिरी. ‘घरी बसून कर, बाहेरून परीक्षा दे’ असं कुणी सुचवेल. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मानसशास्त्र हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला बंदी घातली आहे. आधी त्या पद्धतीनं शिकलेल्यांचा प्रश्न वेगळा. आता नव्यानं कुणी तसा प्रवेश देतो म्हणाला, तर एक रुपयाही भरू नका. मला स्वतःला हा निर्णय पटतो, जरी त्यानं नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी बायकांची वाट बंद झाली आणि त्याचं मला वाईट वाटतं. समोर माणूस बसल्याशिवाय हे काम शिकता येत नाही.

बी.ए. नंतर रस्ते फुटतात. सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात जास्त नीट विचार करून धरायचा तो क्लिनिकलचा. इतकी वर्षं पद्धत अशी होती की एम.ए. नंतर पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत दोन वर्षांचं एम.फिल. करायचं, तिथं वॉर्डात काम करत शिकायचं आणि मग नोंदणी. नव्या धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद झाली. क्लिनिकल सायकॉलॉजीला यूजीसीनं सवलत दिली तीही २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंतच. त्याच्या जागी परिषदेनं नवे अभ्यासक्रम आणलेत: चार वर्षांचं बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि त्यावरची साय.डी. ही डॉक्टरेट. सध्या हा बदलाचा काळ आहे आणि नेमक्या याच काळात नावाला क्लिनिकल जोडलेल्या पण मान्यता नसलेल्या पदव्या विकायला निघतात. साधं एम.ए. मानसशास्त्र, मार्कशीटवर ‘क्लिनिकल’ असा विशेष विषय, आणि परिषदेचं मान्यताप्राप्त एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. परिषदेच्या वेबसाइटवर मान्य संस्थांची यादी असते. तिथं नाव सापडलं तर पुढं बोला, आणि त्या अभ्यासक्रमानंतर नोंदणी नेमकी कुठल्या नावानं होते हे वाचल्याशिवाय फी भरू नका.

इथं ‘कोल्हापुरातच सगळं होईल का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर येतं. पहिली पाच वर्षं, हो. क्लिनिकलला जायचं तर बाहेर पडण्याची तयारी हवी. पुणे, मुंबई, बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था. जागा थोड्या, अर्ज ढीगभर आणि प्रवेश परीक्षा इंग्रजीत. म्हणून इंग्रजी वाचनाची सवय आजपासून. मराठी माध्यमातनं बी.ए. करणं मुळीच कमीपणाचं नाही, उलट पुढं आपल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलताना त्याचा फायदाच होतो, पण या विषयातली बरीच पुस्तकं इंग्रजीतच आहेत. रोज दोन पानं शब्दकोश घेऊन वाचली तरी तीन वर्षांत खूप फरक पडतो. खर्चाचा मोठा भाग एम.ए. नंतरच्या या क्लिनिकलच्या वर्षांत येईल, आणि तोवर तुमचा मुलगा बारावी पार करून पुढं गेलेला असेल. दोघांची ओढाताण एकाच वेळी होईल हे खरं. म्हणून एम.ए. झाल्यावर एक-दोन वर्षं तिनं काम करून थोडे पैसे गाठीला बांधावेत आणि मग जावं, असं मी सुचवेन. त्यात काही हरवत नाही, आणि काम केलेली मुलगी मुलाखतीत चांगलं बोलते.

कामं कुठं मिळतात? शाळांपासून सुरू करते, कारण कोल्हापुरात आज खरी हालचाल तिथं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. कागदावरचं शाळेत उतरायला वेळ लागतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळा आधी नेमतात, आपल्या गावाकडच्या शाळा नंतर. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि समुपदेशकाला बदली तासांना पाठवायची वाईट खोडही काही शाळांना असते. तरी एम.ए. नंतर पहिलं काम म्हणून ही जागा चांगली.

शाळेशीच जोडलेलं दुसरं काम आहे मुलांच्या चाचण्यांचं, आणि मला स्वतःला ते फार मोलाचं वाटतं. चौथीतला मुलगा. तोंडी सगळं सांगतो, ट्रॅक्टरचं इंजिन उलगडून सांगतो, पण वहीत ‘ब’ आणि ‘व’ ची गल्लत, जोडाक्षर आलं की अडतो, मास्तर मठ्ठ म्हणतात, बाप मारतो. मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्धीची चाचणी घेतो आणि विशेष शिक्षक वाचन-लेखन तपासतो. बुद्धी चांगली आणि वाचन मागं असं निघालं तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि अधिकृत प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीला सवलतीही मिळतात. आपल्याकडं अजून वापरतात त्या चाचण्यांत कामत यांची बुद्धिमापन चाचणी आहे. फ्रान्सच्या बिने यांच्या चाचणीवरून व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. गडहिंग्लज-निपाणीच्या पट्ट्यात घरी कानडी आणि शाळेत मराठी बोलणारी किती मुलं आहेत हे तुम्ही जाणता. दोन्ही भाषा कानावर असलेली, कागलची मुलगी हे काम शिकली, तर तिची जागा मुंबईहून आलेल्या कुणालाही घेता येणार नाही.

सरकारी दवाखान्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं. एच.आय.व्ही. चाचणी केंद्रांवर आणि किशोरवयीन मुलामुलींसाठी समुपदेशक असतात, तिथं मानसशास्त्र आणि समाजकार्य दोन्हीचे उमेदवार घेतात. यातली पुष्कळ पदं कंत्राटी, अकरा महिन्यांच्या करारावर. कायम नोकरी समजून तिकडं जाऊ नये, पण शिकायला तशी जागा नाही. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीत आणि ठाण्याची आय.पी.एच. ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यात काम करते. मराठीतनं हे काम किती उत्तम करता येतं हे बघायला तिनं सुट्टीत तिथली शिबिरं जरूर करावीत.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि तुमच्या दारातली कागलची पंचतारांकित एम.आय.डी.सी., म्हणजे कारखान्यांतली एच.आर. ची कामं, ही लोकांना सोपी वाटतात. ती नुसत्या मानसशास्त्रावर मिळतीलच असं नाही. अडीचशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी लागतो, पण तिथं समाजकार्य किंवा कामगार कल्याणाची पदवी मागतात. तिला कारखान्याकडं ओढा असेल तर बी.ए. नंतर एम.एस.डब्ल्यू. ही समाजकार्याची पदवी किंवा एम.बी.ए. हा सरळ रस्ता, आणि मानसशास्त्र त्याला भक्कम पाया देतं.

शिक्षक व्हायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग सीनियर कॉलेज. एम.ए., बी.एड. वर ज्युनियर कॉलेज. अकरावी-बारावीला मानसशास्त्र विषय आहे, पण जागा मोजक्या. स्पर्धा परीक्षांचं तुमच्या गावात वेड असणारच, तर यूपीएससीला हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, आणि शिक्षक पात्रता परीक्षेत बालविकासाचे ३० गुण असतात. खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेणारे तज्ज्ञ हे कोल्हापुरात अजून फारसं रुजलेलं नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणलं, तेव्हापासून पालक याबद्दल विचारू लागलेत एवढं खरं. आज त्यावर घर चालेल असं मी म्हणणार नाही.

आता जरा लेकीविषयी. दोन गोष्टी तिच्याशी बोलायला हव्यात, आणि त्या तुम्हीच बोला, पाहुण्यांसमोर नको.

एक, नीटचं. तिला अजूनही डॉक्टरच व्हायचंय आणि मार्क आले नाहीत म्हणून ती मानसशास्त्राच्या आड लपते आहे का? तसं असेल तर दुसऱ्या वर्षी तिला हा विषय नकोसा होईल. रागानं विचारू नका. ‘एम.बी.बी.एस. ला जागा मिळाली असती तर गेली असतीस का, आणि तिथं जाऊन काय केलं असतंस?’ असं विचारा. ‘मनाचाच डॉक्टर झाले असते’ असं आलं तर ओढ खरी आहे. आणखी एक वर्ष नीटला द्यायचं असं म्हणाली तर तेही शांतपणे ऐका.

दुसरी गोष्ट तिच्या काकाची. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं घरातल्या आजारी माणसाच्या गोळ्या सांभाळल्या, याचं मला कौतुक वाटलं आणि काळजीही वाटली. ज्यांच्या घरात आजार बघितलेला असतो त्या मुली या विषयात जीव ओतून शिकतात. पण पुस्तकात त्या आजाराचं प्रकरण आलं की त्यांना काकाच दिसतो, आणि ‘मलाही होईल का’ ही भीती मनात घर करते. ती तिनं बोलून दाखवली नाही तरी असू शकते. तिला तिच्या शिक्षकांशी मोकळेपणानं बोलायला सांगा. घरात ती काकाची पुतणी आहे, त्याची मानसशास्त्रज्ञ नाही. शिकून आल्यावरसुद्धा आपल्याच माणसावर उपचार करायचे नसतात, हा या व्यवसायातला नियम आहे. म्हणून आजपासून गोळ्यांची जबाबदारी तुम्ही किंवा वहिनींनी घ्या. आणि भाऊ बरा दिसतोय म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

लग्नाचं तुम्ही पाहुण्यांच्या तोंडून लिहिलंत, पण थोडी धास्ती तुमचीही असावी. स्थळं येतील. एम.ए. च्या अधेमधे लग्न ठरलं की शिक्षण सुटलं, असं मी वर्गात फार वेळा बघितलंय, आणि त्यातल्या बऱ्याच मुली पहिल्या रांगेतल्या होत्या. म्हणून सात वर्षांच्या हिशेबात हेही धरा. किती वर्षं स्थळांचा विषय काढायचा नाही, हे तिच्यासमोर ठरवा आणि शब्द द्या.

आता लगेच करायचं ते. येत्या आठवड्यात एक दिवस धारा उरकून तिला घेऊन कोल्हापुरात या. कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी गाठा आणि तिचं जर्नल लेकीला तासभर चाळू द्या. तुम्ही बाहेर चहा प्या, त्या दोघींना बोलू द्या. तसंच सीपीआरला भावाच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा लेकीला बरोबर न्या आणि तिथं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर पाच मिनिटं मागा, बहुतेक जण आनंदानं देतात. एवढं करूनही ती ‘हेच’ म्हणाली तर प्रवेश घ्या. बारावीनंतर वर्ष गेलंय, तेव्हा गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. ते, कॉलेजातनं शाळा सोडल्याचा दाखला, आणि तहसीलमधनं जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, कारण जूनमध्ये तहसीलला रांगा लागतात आणि मेजर विषयाच्या जागा पहिल्या यादीतच भरतात.